अक्काच्या डब्यातला नियम

हात लावून बघायच्या विज्ञान संग्रहालयात सहकुटुंब जायचं असेल, तर आठ दिवस आधी आपल्या घरातला निसर्गाचा एक नियम झाकणाच्या डब्यात भरून तिथे जमा करावा लागतो. संग्रहालयाकडे उपकरणं भरपूर आहेत, पण ती चालवायला नियम लागतात आणि ते त्यांच्याकडे स्वतःचे नाहीत. बघायला येणाऱ्या कुटुंबांनीच ते आळीपाळीनं पुरवायचे, अशी पद्धत आहे. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

सुकुमार मगदूमलाही वाटलं नाही. त्याचं बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान होतं आणि गावातले निम्मे अर्ज त्याच्याच हातून भरले जात. कुठे 'लागू नाही' लिहायचं आणि कुठे नुसती आडवी रेघ मारायची, हे तो न बघता सांगे. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, हा त्याचा बाणा होता.

त्याची नऊ वर्षांची मुलगी आर्या शाळेच्या सहलीच्या वेळी कांजिण्या येऊन घरी पडली होती. सगळा वर्ग संग्रहालय बघून आला, ही एकटी राहिली. तेव्हापासून वर्गात कुणी तिथल्या फिरत्या खुर्चीचा किंवा वाकड्या खोलीचा विषय काढला की ती पेन्सिलीला टोक काढत बसायची. "पुढच्या रविवारी तुला नेतो," असा शब्द सुकुमारनं तिला दिला, आणि तिनं तो वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहून त्याची सही घेतली. बापाचीच लेक ती.

प्रश्न एवढाच होता की नियम कुठला द्यायचा.

"गुरुत्वाकर्षण देऊन टाकूया," आर्या म्हणाली.

"आणि आठ दिवस भांडी कोण धरून बसणार?" तिची आई पद्मजा म्हणाली. "माझी कणीक परातीत राहायला नको?"

"मग घर्षण?"

"तुझे पप्पा घर्षण असतानाच बाथरूममध्ये दोनदा पडलेत."

परावर्तनाला सुकुमारनंच नकार दिला, कारण दाढीला आरसा लागतो. आवाजाचा नियम द्यायला तो मनातून एका पायावर तयार होता, पण ते पद्मजासमोर बोलून दाखवण्याची त्याची छाती नव्हती. शेवटी संग्रहालयाच्या माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर 'गरम वस्तू ठेवली असता गार होते' असा एक गरीब, साधा नियम सापडला. त्याच्यावाचून आठ दिवस काय अडणार आहे, असं तिघांनाही वाटलं.

शनिवारी दुपारी पद्मजा बालवाडीत गेलेली असताना सुकुमारनं ते काम उरकलं. डबा उघडा ठेवावा, नियमाचं नाव तीनदा स्पष्ट उच्चारावं, झाकण लावावं, अशी कृती दिलेली होती. झाकण घट्ट हवं, नाहीतर नियम वाटेत सांडतो, अशी खाली टीप होती. स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं ढिली झालेली. माळ्यावर मात्र एक स्टीलचा गोल डबा सापडला, जसाच्या तसा, झाकण उघडायला दोन्ही गुडघ्यांत धरावा लागेल असा. सुकुमारनं त्यात नियम भरला, डबा फडक्यात बांधला आणि स्कूटरवरून नेऊन खिडकीत दिला. खिडकीतल्या बाईंनी तो पालथा करून बघितला, वहीत काहीतरी उतरवून घेतलं आणि परवानगीपत्र पोस्टानं येईल म्हणून सांगितलं.

इकडे घरात चहा गार होईना. सकाळी ओतलेला चहा संध्याकाळीही जीभ भाजत होता. पानात वाढलेला भात वाफाळतच राहिला. आंघोळीचं पाणी विसणलं तरच अंगावर घेता येई आणि भाकरी तर तव्यावरून उतरली तरी तव्यावरच असल्यासारखी वागत होती. वस्तू दाराबाहेर नेली की नेहमीसारखी गार व्हायची, कारण नियम फक्त घरातला गेला होता. पण रस्त्यावर उभं राहून जेवणारं कुटुंब म्हणून नाव व्हायला पद्मजाची तयारी नव्हती. म्हणून दही, काकडी, केळी आणि चिवडा यांवर त्यांनी दिवस काढले. रविवारपर्यंतचाच प्रश्न होता.

बुधवारी परवानगीपत्र आलं. ते सौ. विमल बाबासो चौगुले यांच्या नावे होतं.

सुकुमारनं पत्र तीनदा वाचलं. मग पाकिटावरचा पत्ता वाचला. मग पुन्हा पत्र वाचलं.

"तुम्ही डबा कुठला नेलात?" पद्मजानं विचारलं.

"माळ्यावरचा. घट्ट झाकणाचा."

पद्मजा खालीच बसली. "अहो, तो अक्कांचा डबा. बुडाशी नाव आहे की त्यांचं."

लोकांचे अर्ज पालथे करून मागची बाजू तपासणारा माणूस डबा पालथा करायला विसरला होता.

अक्का म्हणजे सुकुमारची थोरली बहीण विमल. तो सातव्या गल्लीत राहायचा, ती अकराव्या. या गावात गल्ल्यांना नावं नाहीत, नुसते नंबर आहेत, त्यामुळे दोघांमधलं अंतर चार गल्ल्यांचं आहे हे सगळ्यांना माहीत होतं. नऊ वर्षांत त्या चार गल्ल्या कुणीही चाललं नव्हतं. भाचीचं नाव ठेवण्याचा मान आत्याचा. पण बारशाच्या आधीच दवाखान्यातल्या कारकुनानं "बाळाचं नाव?" असं विचारलं, आणि रकाना रिकामा सोडायचा नाही या सवयीनं सुकुमार "आर्या" म्हणून मोकळा झाला. बारशाला अक्का बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू घेऊन आली. पाळण्यावर वाकून तिनं बाळाच्या कानात "चंदना" असं नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत हौसेनं बुक्के घातले. मग कुणीतरी कौतुकानं जन्माचा दाखला सगळ्यांना दाखवला. अक्कानं तो वाचला, पदर खोचला आणि न जेवता निघून गेली. डबा राहिला.

तो परत द्यायचं त्यांनी किती वेळा ठरवलं! पण डबा रिकामा परत करत नाहीत. साखर घालावी तर कोरडेपणा वाटला असता, लाडू घालावेत तर उसने फेडल्यासारखे दिसले असते. काय घालावं हे ठरेना, म्हणून डबा आधी फळीवर गेला आणि मग माळ्यावर.

गुरुवारी सुकुमार संग्रहालयाच्या खिडकीशी गेला. खिडकीत त्याच बाई होत्या, इंगवले मॅडम.

"डबा माझ्या बहिणीचा आहे," सुकुमार म्हणाला, "पण नियम माझ्या घरचा आहे."

"कशावरून?"

"माझ्या घरात चहा गार होत नाही."

"त्या नियमावर तुमचं नाव आहे का?"

"नियमावर कसं असेल?"

"नसतंच. डब्यावर असतं. म्हणून आम्ही डब्याचं धरतो," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात चूक काढायला सुकुमारला जागा सापडेना. "नियम ज्यांच्या नावे, भेट त्यांच्या नावे. भेट झाली की नियम परत जातो तोही त्यांच्याच घरी."

"मग आम्ही?"

मॅडमनी एक छापील कागद पुढे सरकवला. "कुटुंबाची यादी. ही चौगुले बाईंनी स्वतःच्या हातानं भरायची. त्या ज्यांना कुटुंब म्हणतील ते कुटुंब."

"आणि त्यांनी आमची नावं लिहिली नाहीत तर?"

"तर तुमचा नियम त्या बघून येतील," मॅडम समजूत घातल्यासारखं म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. त्याच्या हातात बरणी होती.

सुकुमार कागद घेऊन दिवसभर दुकानात बसला. आपलाच नियम आपल्याला बघता येत नाही, आणि बघायचा तर जिच्याशी बोलत नाही तिनं आपल्याला आपलं म्हणायला हवं, एवढं त्याला कळत होतं. पण हे सगळं झालं कसं, हे कळत नव्हतं. घरी आर्यानं वहीचं शेवटचं पान उघडं ठेवलेलं होतं. त्याला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी तो चार गल्ल्या चालत गेला. अकराव्या गल्लीत दाराशीच दाजी पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला, मेव्हण्याकडे बघितलं आणि पुन्हा वर धरला. आतून अक्का म्हणाली, "कोण हाय?"

"मी."

मग अक्का बाहेर आली. तिचे केस बरेच पांढरे झाले होते.

"आलास व्हय. बस की."

तिनं चहा ठेवला. सुकुमारनं सवयीनं कप लांब धरला, मग बिचकत ओठाला लावला. चहा गार व्हायला लागला होता. सहा दिवसांत त्यानं घरचा चहा प्यायला नव्हता. एका दमात तो कप रिकामा केला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अजून देऊ?" अक्का म्हणाली. "घरात चहा मिळत न्हाई जणू."

मग त्यानं सगळं सांगितलं. त्याचं संपल्यावर अक्कानं एकच विचारलं, "माझा डबा रिकामा तर न्हाई ना दिलास?"

"नाही अक्का. नियम घालून दिलाय."

"कुठला?"

"गरम वस्तू गार होते, तो."

अक्कानं जरा विचार केला. "चांगला हाय," ती म्हणाली. "रोजच्या वापरातला हाय. आण तो कागद."

तिनं चष्मा लावला आणि एकेक अक्षर कोरत लिहायला घेतलं. पहिलं नाव स्वतःचं, दुसरं दाजींचं, तिसरं सुकुमारचं, चौथं पद्मजाचं. पाचव्या ओळीवर तिनं लिहिलं, 'चंदना सुकुमार मगदूम'.

आधार कार्डावर एक नाव आणि यादीत दुसरं, असा अर्ज सुकुमारच्या दुकानात आला असता तर त्यानं तो तिथल्या तिथे परत केला असता.

"अक्का, तिच्या कागदावर आर्या आहे."

"माझ्या कागदावर चंदना हाय," अक्का म्हणाली.

"दारात अडवतील तिला. पोरीनं महिनाभर वाट बघितलीय."

"मी नऊ वर्सं बघितली."

सुकुमारचा हात खिशातल्या पेनकडे गेला. एक आडवी रेघ आणि वर बारीक अक्षरात दुरुस्ती, दोन क्षणांचं काम होतं. त्यानं पेन काढलं, बघितलं आणि पुन्हा खिशाला लावलं. मग कागदाची घडी घातली. आपण बरोबर केलं की चूक, हे त्याला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही, आणि घरी पोचल्यावर त्यानं हे कुणाला सांगितलंही नाही.

रविवारी पाचही जण संग्रहालयाच्या दारात उभे होते. पद्मजा आणि अक्का एकमेकींच्या साड्यांबद्दल जपून बोलत होत्या. दारावरच्या माणसानं यादी हातात घेतली आणि नावं पुकारायला सुरुवात केली. चार नावं झाली.

"चंदना सुकुमार मगदूम."

"हजर," आर्या म्हणाली आणि पुढे झाली.

माणसानं तिच्याकडे बघितलं, यादीवर खूण केली आणि तिला आत सोडलं.

सुकुमारनं तिला आत गाठलं. "हे नाव तुला कुणी सांगितलं? आईनं?"

"आत्तीनं," ती म्हणाली.

"कधी?"

"बारशाला. कानात सांगितलं होतं की."

एवढं बोलून ती फिरत्या खुर्चीकडे पळाली. सुकुमार तिथेच उभा राहिला. अक्का त्याच्या मागेच होती आणि तिनं ऐकलं होतं. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा न लावताच हातात धरला.

आतल्या दालनात एका चौरंगावर वाफाळतं पाणी भरलेला पेला होता. त्याला हात लावायचा आणि तो हळूहळू गार होताना अनुभवायचा. खाली पाटी होती : 'नियम – सौ. विमल बाबासो चौगुले व कुटुंब यांच्या सौजन्याने.' पोरं रांग लावून हात लावत होती. आर्यानं तीनदा रांग लावली आणि तिसऱ्या वेळी अक्काला हाताला धरून पुढे घातलं. "गार होतोय की खरंच," अक्का म्हणाली.

सोमवारी डबा नियमासकट अकराव्या गल्लीत पोचता झाला. त्यामुळे आता अक्काच्या घरात तो नियम दोनदा आहे आणि सुकुमारच्या घरात एकदाही नाही. तिच्याकडे चहा कपात पडताक्षणी गार होतो, याच्याकडे होतच नाही. नियमाच्या हस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. सुकुमारनं तो आणून पहिल्याच दिवशी भरला. फक्त 'हस्तांतरणाचे कारण' हा रकाना त्यानं रिकामा सोडला आहे. रिकाम्या रकान्याचा अर्ज घेत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. अर्ज दुकानाच्या खणात आहे.

रोज पाच वाजता पद्मजा सातव्या गल्लीत चहा उकळते आणि किटलीत ओतते. अकराव्या गल्लीतून अक्का आणि दाजी कप घेऊन निघतात. नवव्या गल्लीत पिठाच्या गिरणीपाशी एक सिमेंटचा कट्टा आहे, तिथे सगळे भेटतात. गिरणीवाल्यानं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी पोतं अंथरून दिलं.

"आर्या, कप धर," पद्मजा म्हणते.

"चंदना, आधी ह्यांना दे," अक्का म्हणते.

ती दोन्हींना "हो" म्हणते. सुकुमार कप घेतो, ओठाला लावतो. चहा हवा तेवढाच गरम असतो.