बिराजदार सरांची हजेरी

आमच्या शेजारचे बिराजदार सर ऑनलाईन शिकवतात आणि ते अख्ख्या कॉलनीला ऐकू येतं. मोबाईल पुढ्यात, माईक शर्टाला टोचलेला, तरी हा माणूस पोराचं गाव किती लांब आहे ते बघून आवाज लावतो. वळसंगचा महेश म्हणून एक आहे, त्याला हाक जरा बेतानं, कारण वळसंग जवळ. मोडनिंबच्या पूजाला हाक मारली की आमच्या कपाटातल्या कपबशा वाजतात. आणि उजनी धरणाकाठची सारिका म्हणून एक पोरगी आहे, तिचं नाव आलं की माझी बायको कानावर हात ठेवून स्वयंपाकघरात उभी राहते.

मी एकदा तोंडावर विचारलं, सर, एवढं बोंबलायचं कारण काय? अगदी शांतपणे म्हणाले, "लांब हाय की ओ, पोरगी."

आता अशा माणसाशी काय डोकं लावायचं, तुम्हीच सांगा. एम.एस्सी. झालेला माणूस, जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आणि याला मोबाईलचं तंत्र कळत नाही? माझी सगळी नोकरी एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत, माईकसमोर गेली. गाडी लागली, गाडी सुटली, गाडी रद्द झाली, हे सांगून सांगून माझाच आवाज मला नकोसा झालेला. रिटायर झालो तेव्हा ठरवलं होतं, दुपारी जेवायचं आणि गप पडायचं. बाकी काही मागितलं नव्हतं मी देवाकडं.

सरांनी क्लास काढला तोच मुळात रागानं. रिटायर झाल्यावर घरीच शिकवायचे, पण पोरं एकेक करून चौकातल्या मोठ्या क्लासला गेली. तिथं एसी आहे म्हणे. सर भडकले. एसीत बसून गणित येत नाही, सर्दी येते, असं त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं आणि आपण आता ऑनलाईन जाणार म्हणून जाहीर केलं. ऑनलाईनची जाहिरात माणसं ऑनलाईन करतात. यांनी भोंग्याची रिक्षा ठरवली. आत स्वतः माईक घेऊन बसले आणि "घरबसल्या गणित, घरबसल्या गणित" करत गल्लोगल्ली फिरले. आमच्या गल्लीत बाया पिशव्या घेऊन बाहेर आल्या.

मग चौकात बोर्ड लागला. मधोमध सर, गालावर बोट ठेवून. खाली शुभेच्छुकांची रांग, आणि त्या रांगेत मी, गॉगल घालून. माझ्या पोरीच्या लग्नातला फोटो. मला विचारलं का? नाही. बायकोकडनं परस्पर अल्बम नेला. त्यानंतर रस्त्यात भेटेल तो मला विचारायचा, काय ओ, क्लासमध्ये भागीदार का? माझं डोकं असं सटकलं होतं की चार दिवस मी त्या चौकातनं गेलोच नाही.

पण खरा घोटाळा केला तो टॉवेलनं. आपल्याकडं पाहुण्याला टॉवेल-टोपी दिल्याशिवाय कार्यक्रम होत नाही, हे ठीक आहे. पण सत्कार कधी करायचा? काहीतरी केल्यावर. सरांनी काय केलं, पोरानं नाव घातलं की लगेच सत्कार. मोबाईलसमोर चांगला सोलापुरी टॉवेल उलगडून धरायचा, "आपलं स्वागत असो" म्हणायचं, आणि मग तो टॉवेल पार्सलनं पोराच्या गावाला. पार्सल कोण देणार कंडक्टरकडं? मी. एसटीत माझी ओळख ना. असे कितीतरी टॉवेल मी माझ्या हातानं रवाना केले, शिव्या देत. मी सरांना बजावत होतो, टॉवेल परीक्षेनंतर द्या ओ. ते म्हणायचे, आधी मान द्यावा, मग पोरगं अभ्यास करतं.

पुढं पुढं पार्सलं बंद झाली. मला वाटलं, क्लास भरला असेल. कारण हजेरी तर रोज लागत होती. वर्ग सुरू करायच्या आधी हा माणूस एकेकाचं गावासकट नाव पुकारायचा, जरा थांबायचा, मग "हजर, बस" म्हणायचा. भिंतीपलीकडं आम्हाला ती सगळी नावं पाठ झाली. त्यानंतर धडा, आणि दर दोन वाक्यांनंतर "तिळीतेन?" सर मूळचे अक्कलकोटकडचे, कानडी घरातले. कळलं का, असं विचारायचं असलं की त्यांच्या तोंडात कानडीच येतं.

बरं, वेळ तरी एक असावी? एक आठवडा भल्या पहाटे, दुसरा आठवडा बरोबर माझ्या झोपेच्या वेळी. विचारलं तर म्हणायचे, लाईट बदलली. आमच्याकडं लाईट चोवीस तास आहे. मी म्हणलं, हा माणूस मुद्दाम करतोय. शेवटी मी कॉलनीच्या अध्यक्षांकडं गेलो आणि तक्रार केली. त्यांचंही डोकं पिकलेलंच होतं. रविवारी मीटिंग घेऊ आणि क्लास बंदच करायला लावू, असं ठरलं. मी खूश.

मीटिंग दोन दिवसांवर आली आणि भिंतीपलीकडचा आवाज बंद पडला. सरांचा घसा गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक शब्द बोलायचा नाही. त्या दुपारी मी आडवा झालो. काय शांतता, वा. पण झोप येईना. या कुशीवर, त्या कुशीवर. शेवटी मला झोपेचाच राग आला आणि बघावं तरी काय करलालेत म्हणून मी शेजारी गेलो.

सर मोबाईलसमोर बसले होते. गळ्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात पाटी. पाटीवर त्रिकोण काढून मोबाईलपुढं धरला होता. आणि मोबाईलवर पोरं नव्हतीच. एकच चौकोन होता, त्यात नुसतं आभाळ आणि केळीचं एक पान, आणि आवाज येत होता मोटारीचा. शेतातली पाण्याची मोटार, धडधड धडधड. मधनंच एका पोरीचा आवाज आला, "सर? ऐकू येईना ओ. सर?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी विचारत गेलो आणि ते पाटीवर लिहीत गेले, पुसत गेले. ही सारिका. धरणाच्या पाण्यावर तिच्या घरच्यांची मोटार, आणि रेंज फक्त तिथंच, काठावर. शेतीची लाईट आठवड्याला पाळी बदलते. लाईट असली की मोटारीवर पोरगी बसते. तिथं मोबाईल उताणा ठेवून ऐकते, कारण काच फुटलीय, काही दिसत नाही. मी म्हणलं, कानात घालायचं द्या की पाठवून. सरांनी लिहिलं, दिलं होतं. घालत नाही. मोटारीनं हवा धरली, पाणी ओढेना झाली, तर आवाजावरनंच कळतं, वेळेत बंद नाही केली तर जळते.

"आणि बाकीची पोरं?"

सरांनी लिहिलं, गेली. टॉवेल घेऊन गेली.

"मग रोज हजेरी कुणाची घेताय?"

त्यांनी पाटी पुसून लिहिलं, तिला एकटं वाटू नये. दहावीचं वर्ष हाय.

मला असा संताप आला की काय सांगू. पोरांचा आला, टॉवेलांचा आला, आणि या माणसाचा तर फारच आला. एवढं सगळं होतं तर सांगायला तोंड नव्हतं का? मी त्यांच्या शर्टाचा माईक ओढून काढला, पुस्तक हातात घेतलं आणि स्टँडवर लावायचो तो आवाज लावला. सारिका, मी सरांच्या शेजारचा काका. सरांचा घसा बसलाय, आज मी वाचणार आहे, तिकडं लक्ष दे. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. पुन्हा एकदा ऐका, काटकोन त्रिकोणात. सवयच तशी, प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. मोटारीवरनं आवाज आला, आलं ऐकू, काका.

तेवढ्यात सरांनी माझ्या गुडघ्याला पाटी लावली. वर लिहिलं होतं, हजेरी राहिली.

मी पुस्तक खाली ठेवलं आणि पुकारलं, "वळसंगचा महेश."

मोटार धडधडत होती. मग सारिका म्हणाली, "काका, राहू द्या. बाकीचं कोन न्हाई क्लासला. मला म्हाईत हाय, लई दिवस झालं."

मी सरांकडं बघितलं.

"पर सरांना सांगू नका," ती म्हणाली. "हजेरी घेतली की त्यांला बरं वाटतंय."

सर पाटी पुसायला लागले. पाटीवरचं कधीच पुसलं गेलं होतं, तरी गळ्यातल्या टॉवेलाच्या टोकानं पुसत राहिले. मला काय बोलावं सुचेना. आणि सुचलं नाही की मी ओरडतो, तसा ओरडलो, "मोडनिंबची पूजा."

"हजर," सारिका म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "महेशबी हजर. म्होरलं नाव घ्या काका, लाईट जाईल."

मी सगळी नावं घेतली. एकही सोडलं नाही, सगळी पाठच होती. प्रत्येक नावाला ती हजर म्हणाली, आणि शेवटी स्वतःच्या नावाला. मग आम्ही प्रमेय धरलं. मध्येच मी थांबून "तिळीतेन?" विचारलं, तर तिकडनं कानडीतच उत्तर आलं, "तिळीतु." धरणाकाठच्या पोरीला कानडी येण्याचं काही कारण नाही.

एवढ्यात दारावर थापा पडायला लागल्या. उघडलं तर अध्यक्ष, झोपेतनं उठून आलेले, लुंगीवर. मला बघून चक्रावलेच. म्हणाले, तुम्ही? तक्रार तुमचीच ना? आणि आता तुम्हीच भर दुपारी एवढं बोंबलताय?

"लांब हाय की ओ, पोरगी," मी म्हणलं आणि दार लावून घेतलं.