हवेचा दाब आणि नीशमधला ग्लास

मन्सूरा शहरातल्या मुलांच्या शाळेत उस्ताद शौकी बावीस वर्षं विज्ञान शिकवत होते आणि बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही प्रयोग घडला नव्हता. दोष त्यांचा नव्हता. प्रयोगशाळेतली काच न काच भांडारपाल अब्दुलमुअतीच्या सहीवर होती. फुटली की त्याची मान अडकलीच. म्हणून तो प्रयोगशाळेला कुलूप लावून दारात खुर्ची टाकून बसायचा. पोरांनी फळ्यावर काढलेला ग्लास बघायचा आणि हवेला दाब असतो हे घोकायचं. (उस्तादांनीही ते तसंच घोकलं होतं.)

अशात वरून पत्र आलं: रविवारी नवे निरीक्षक येणार, प्रत्यक्ष प्रयोग बघणार. ज्याला जमणार नाही त्याची बदली थेट वाळवंटात, फराफ्राला.

उस्तादांनी त्यातल्या त्यात सोपा प्रयोग निवडला. ग्लास काठोकाठ भरायचा, वर पुठ्ठा ठेवायचा, ग्लास उलटा करून हात सोडायचा. हवा खालून पुठ्ठा दाबून धरते, पाणी पडत नाही. पुस्तकात तरी नाही.

"एक ग्लास दे बाबा," ते अब्दुलमुअतीला म्हणाले.

"उस्ताद, माझा डोळा मागा. ग्लास नाही."

शुक्रवारी त्यांनी घरीच तालीम धरली. स्वयंपाकघरात होते ते दुकानातलं चीज ज्यात भरून येतं ते रिकामे ग्लास, सगळ्यांच्या काठाचे टवके उडालेले. पाच वेळा ग्लास उलटा केला, पाचही वेळा पायजमा धुतला गेला.

उरला नीश. नीश म्हणजे बायकोच्या माहेरून आलेलं, दिवाणखान्यात मिरवणारं काचेचं कपाट. त्यातल्या बारा ग्लासांतून अठरा वर्षांत कुणी घोटभर पाणी प्यायलं नव्हतं. प्रत्येक ग्लास लग्नाच्या यादीत नोंदलेला आणि यादीखाली उस्तादांची सही. एक वस्तू कमी झाली तर बायको कोर्टात खेचू शकते. थोडक्यात, घरीही एक अब्दुलमुअती होताच. त्याचं नाव इन्शिराह.

इन्शिराह आईला आणायला गेली होती. उस्तादांनी गादीखालची किल्ली काढली, ग्लास काढला, भरला, पुठ्ठा ठेवला, बिस्मिल्ला म्हणून उलटा केला आणि हात सोडला.

पाणी जागच्या जागी!

"अरेच्चा!" उस्ताद ओरडले, "हे खरंच आहे की!" त्यांचे डोळे भरून आले. बावीस वर्षं आपण पोरांना खोटं सांगत नव्हतो, याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

तेवढ्यात दार उघडून सासूबाई, हज करून आल्यापासून सगळ्यांच्या हज्जा, आत आल्या.

"हज्जा, हलू नका!" उस्तादांनी उलटा ग्लास थेट त्यांच्या डोक्यावर धरला. "एक थेंब पडणार नाही. हवेनं धरलंय!"

"माझा नीशचा ग्लास!" मागून इन्शिराह किंचाळली.

उस्तादांचा हात हलला. पुठ्ठा गेला, पाणीही गेलं.

हज्जांनी शांतपणे डोळे पुसले. "पोरा, हवेनं धरलं होतं ना? मग सोडलं कुणी?"

"तुमच्या लेकीनं!"

"गप रे शौकी!" इन्शिराहनं ग्लास हिसकावून पदराआड करावा तसा शालीत घेतला. "पुन्हा हात लावलास तर यादी घेऊन वकिलाकडे जाईन."

"लाव तूच कुलूप," उस्ताद काकुळतीला आले. "मग रविवारनंतर फराफ्राला जायची तयारी कर. ट्रकवर नीश चढव. रस्ताभर खड्डे आहेत."

इन्शिराह खाली बसली. नीशमधले उरलेले अकरा ग्लास तिनं एकेक करून मोजले.

"ग्लास येईल," ती शेवटी म्हणाली. "पण माझ्याबरोबर. आणि उलटा मीच करणार. तुझ्या हाताचा काय भरवसा!"

रविवारी ती सणाची शाल लपेटून वर्गात उभी राहिली. घरी तीसेक वेळा तालीम झाली होती. तिनं ग्लास उलटा केला, हात सोडला. पाणी हललं नाही. एक पोरगा खाकरला, तर तिनं असं बघितलं की तोही हलला नाही. उस्ताद खाली बादली धरून उकिडवे बसले होते आणि राहवेना म्हणून मधूनमधून सांगत होते, "हवेचा दाब, साहेब! खालून वर!"

निरीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मंगळवारी त्यांचा शेरा आला. मुख्याध्यापकांनी तो घसा साफ करून वाचला:

"प्रयोग उत्कृष्ट. विज्ञानाच्या बाईंचा हात स्थिर, वर्गावर वचक. बादलीवाला शिपाई मात्र नको तिथे तोंड घालतो. त्याची बदली फराफ्राला करावी."