कमरेच्या पिशवीची फाईल

कार्यालयाचा टपालवाला गेली अकरा वर्षं पाठीला सॅक अडकवून, सायकलवरून, तीन इमारतींमध्ये कागद पोचवत होता. एका सकाळी त्याची पाठ धरली. तीन वर्षांची लेक दारात हात वर करून उभी, "बाबा, उचल!" आणि ह्याला वाकताच येईना. पोरगी हिरमुसली, ते त्याच्या फार जिव्हारी लागलं.

"पाठीवरचं ओझं कमरेवर आणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रुंद पट्ट्याची पिशवी मिळते, कमरेला बांधायची. महिनाभरात लेकीला उचलाल."

"मग आजच घ्या ना एक!" बायको म्हणाली.

"तसं चालत नाही गं. कार्यालयाचं टपाल खासगी कमरेवरून नेता येत नाही."

त्याने रीतसर अर्ज केला. मोठ्या साहेबांनी तो सहानुभूतीपूर्वक वाचला आणि तिथेच घात झाला, कारण साहेबांना ज्याची कणव येते त्याची समिती होते. 'कटिस्थ भारवाहक साधन निवड समिती'वर तीन इमारतींतले तीन अधिकारी नेमले गेले. आता फाईल तिघांकडे फिरणार. फिरवणार कोण? टपालवालाच की!

पहिल्या अधिकाऱ्याने अर्जदाराला कंबर असल्याचा दाखला मागितला. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला, पण दिला. दुसऱ्याला कमरेचा घेर उपाशीपोटी आणि जेवणानंतर असा दोन्ही वेळचा हवा होता, तोही पंधरा दिवसांचा, तीन प्रतींत. तिसऱ्या होत्या बाई. त्यांनी तीन पिशव्यांचा तुलनात्मक अभ्यास मागवला, प्रत्यक्ष नमुन्यांसह. टपालवाल्याने दुकानदाराच्या हातापाया पडून तीन पिशव्या आणल्या. त्यातली काळी कमरेला अशी काही बसली की बिचाऱ्याला गहिवरूनच आलं. तीच बांधून तो सायकलवर टांग मारणार, तोच बाई खिडकीतून ओरडल्या, "अहो, अहो! नमुना वापरायचा नसतो!"

"मग नेऊ कसा, मॅडम?"

"सॅकमधून."

चार महिन्यांत फाईलचे चार खंड झाले. चढावर टपालवाला उतरून सायकल ढकलू लागला. लेकीने हात वर करणं सोडून दिलं होतं. बाबा आले की ती आपली बाजूला सरकून त्यांना बसायला जागा करून द्यायची.

अखेर समितीने प्रत्यक्ष पाहणी केली, म्हणजे सॅक वजनकाट्यावर ठेवली. भरली अकरा किलो. त्यात टपाल दोन किलो. उरलेले नऊ किलो म्हणजे ही फाईल आणि ते नमुने. तिघाही अधिकाऱ्यांना दुखण्याचं कारण एकदमच सापडलं. असं एकमत त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच होत होतं. अहवालात लिहिलं गेलं: 'अर्जदाराच्या पाठीवरील ताणाचे प्रमुख कारण प्रस्तुत अर्ज हेच होय. सबब, अर्ज फेटाळल्यास साधनाची आवश्यकता उरणार नाही.'

फाईल बंद झाली, नमुने दुकानात परत गेले. दुसऱ्या दिवशी दोन किलोंची सॅक घेऊन टपालवाला असा सुसाट सुटला म्हणता! संध्याकाळी साहेबांपुढे हात जोडून उभा राहिला. "साहेब, फार उपकार झाले. माझं ओझं उतरवलंत!" अभिप्रायाच्या वहीत त्याने स्वतःच्या हाताने 'अत्यंत समाधानी' असं लिहिलं.

शीळ घालत तो घरी आला आणि साहेबांचे आभार मानून आल्याचं त्याने बायकोला सांगितलं. बाबांची कळी खुललेली पाहून लेकीने कितीतरी दिवसांनी हात वर केले. तो वाकला, आणि अर्ध्यावरच अडकला. अगदी त्या पहिल्या सकाळसारखा.

बायकोने त्याला धरून खुर्चीत बसवलं. "मग आभार कसले मानून आलात?"

"अगं, नऊ किलो कमी केले त्यांनी!"

हसा, खुशाल हसा. मागच्या वेळी कुठल्याशा कचेरीत सातव्या चकरेनंतर, "आता येऊ नका, तुमचं काम होणार नाही," हे खिडकीवर ऐकून तुम्ही जिना उतरलात, तेव्हा तुम्हालाही किती हलकं वाटलं होतं! आणि 'थँक्यू' तर तुम्ही दोनदा म्हणाला होतात.