करमरकर काकांच्या ओल्या चादरी

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले करमरकर काका वायफायची रेंज ओल्या चादरी लावून तपासतात. चादरी बादलीत बुडवायच्या, दोरीवर टाकायच्या. अलीकडे आपण, पलीकडे वायफायचा डबा. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली. पण कुठे काही सुरळीत सुरू झालं, की ते म्हणतात, "आत्ता चालतंय. जुलैत विचारा."

गेल्या पावसाळ्यात लेले आजी आवारात पडल्या. हातात फोन होता, रेंज नव्हती. तासभर चिखलात होत्या. तेव्हा ठरलं, आवारभर वायफाय आणि ज्येष्ठांच्या गळ्यात बटण. दाबलं की वॉचमनच्या केबिनमध्ये घंटा वाजणार. सेक्रेटरी म्हणून यादी मी केली: कोण, किती वाजता, कुठे फिरतं. पाण्याच्या टाकीमागे कोणी जात नाही, असंही लिहिलं.

मार्चमधल्या एका रविवारी शेवटची चाचणी. डबा गच्चीवर बसवून झाला होता; काम नीट झाल्याची सही काका करणार होते. वायरिंगवाला दिनेश संध्याकाळी गावी जाणार होता, पुढे महिनाभर मिळणार नव्हता. बटण सगळीकडून वाजलं, टाकीमागूनसुद्धा. दिनेशने शिडी उचलली.

"थांब," काका म्हणाले. "टाकीपुढच्या गुलमोहराला आत्ता पान नाही. चादरी बांध."

"काका, फुल रेंज आहे. धोबीघाट कशाला?"

"पानांत पाणी असतं रे. रेंज तिथेच अडकते."

तीन ओल्या चादरी फांद्यांवर चढल्या. मी टाकीमागे जाऊन बटण दाबलं. शांतता. पुन्हा दाबलं. लांबून काकांचा आवाज आला, "नाही वाजली."

डबा गच्चीवरून उतरवून फांद्यांच्या खाली, केबिनच्या खांबावर घ्यायला हवा होता. दिनेशने घड्याळ पाहिलं. "मॅडम, टाकी सोडून देऊ ना?"

मी यादी पुढे केली. "काका, तिथे कोणी जातच नाही."

"तिथून वाजल्याशिवाय मी सही करणार नाही."

दिनेश पुटपुटत शिडी चढला. डबा खाली येईपर्यंत दोन तास गेले, चादरी कडकडीत वाळल्या. काकांनी त्या पुन्हा भिजवायला लावल्या. उजेड कमी होत आला होता. मी टाकीमागे गेले, बटण दाबलं.

घंटा वाजली.

दिनेश गेला. काका चादरी उतरवत होते. "सेक्रेटरीबाई, यादीत एक नाव राहिलंय. रोज पहाटे मला गॅलरीतून दिसतं."

दोन महिने मला चालताना चक्कर येत होती. कोणाला कळू नये म्हणून मी टाकीमागच्या कट्ट्यावर टेकायची.

"काही नाही हो काका, जरा..."

"आमची हीसुद्धा 'काही नाही'च म्हणायची. उद्या डॉक्टरकडे जा."

मी यादीत शेवटी माझं नाव लिहिलं. काकांनी चादरीचं एक टोक माझ्याकडे दिलं.

"धरा. घरी एकट्याला नीट पिळता येत नाही."