मन्मथप्पांचा बिनखिळ्याचा पलंग

मन्मथप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची चौकट हलवून बघतात. मग आत येऊन खुर्ची हलवतात. खुर्ची पास झाली तर टेबल. टेबलही पास झालं, तरच बसतात आणि "कसं काय सर, बरं हाय ना?" म्हणून विचारतात. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात त्यांनी नवरानवरी यायच्या आधी स्टेजचा खांब हलवला. तो सुटून त्यांच्या हातात आला. मांडववाला तणतणला, वरबाप घाबरला, आणि अप्पा खांब हातात धरून शांतपणे म्हणाले, "खिळ्याचा काय भरोसा?"

मी मूळचा नायगावचा. लातूरला शिकवणीवर्गात रसायनशास्त्र शिकवतो, म्हणजे काळजी करणं हा माझा पोटापाण्याचाच धंदा आहे. मुलांना मार्कांची काळजी, आईबापांना मुलांची, संचालकांना आईबापांची, आणि सगळ्यांची मिळून मला. पण अप्पांपुढे मी कच्चा लिंबू. त्यांची काळजी चोवीस तास चालू असते आणि तिला उन्हाळ्याची सुटीसुद्धा नसते.

अप्पा ताडमाड उंच. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, खांद्यावर टॉवेल. बाजारात त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. आता त्यांचा मुलगा श्रीशैल बघतो आणि दुकानाच्या माडीवरच राहतो. दुकानातले बरेच पेले मात्र घरीच असतात. घराच्या प्रत्येक कोपऱ्यात पेल्यावर पेला, त्यावर वाटी असे मनोरे. जमीन जरा जरी थरथरली तर भांडी पडून जाग यावी, अशी ही तजवीज. भूकंपानंतर लातुरात हे सगळेच करायचे. सगळ्यांनी सोडून दिलं, अप्पांनी नाही. गल्लीतल्या मांजरांनी त्यांना इतक्या वेळा उठवलंय की ते मांजरांना नावानिशी ओळखतात.

भूकंप झाला तेव्हा गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. काकूंचं, म्हणजे अप्पांच्या पत्नीचं, महानंदाकाकूंचं माहेर किल्लारीच्या अंगाला एका खेड्यात होतं. दगडमातीचं जाड भिंतींचं घर होतं. ते बसलं आणि काकूंची आई त्यात गेली. अप्पा मिळेल त्या टेम्पोने तिकडे पोचले आणि हातांनी दगड उपसत राहिले. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. बोलतात ते फक्त तिथे सापडलेल्या एका पेटीबद्दल.

"आख्खी भिंत पडली होती सर पेटीवर. झाकन फुटलं. पन एक कोपरा सुटला न्हाई! का म्हनून? खिळाच नव्हता. लाकडात लाकूड गुतवलेलं."

तो सांधा त्यांनी मला शंभर वेळा बोटांत बोटं अडकवून समजावला आहे. एका फळीच्या टोकाला दात काढायचे, बुडाशी अरुंद आणि टोकाला रुंद, कबुतराने शेपटी पसरल्यासारखे. दुसऱ्या फळीत बरोबर तशाच खाचा. एकदा बसवलं की ओढून निघत नाही. इंग्रजीत याला डोव्हटेल म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं. "म्हनू द्या," अप्पा म्हणाले.

तर त्या भूकंपापासून अप्पा आणि काकू घरात झोपलेच नाहीत. अंगणात पत्र्याचं शेड आहे, त्याखाली दोन अंथरुणं. थंडी असो, पाऊस असो, तिथेच. कुणी विचारलं की अप्पा आवाज खाली आणून सांगायचे, "श्रीशैलच्या आईला भीती वाटती. माहेरचं तसं झालं ना. मग एकटीला कसं सोडावं बाहेर?" आम्ही हळहळायचो. काकू पदराने तोंड पुसत आत निघून जायच्या. गच्चीवर का झोपत नाही, असं मी एकदा विचारलं. "गच्ची म्हंजे घरच की सर. नुसती उशिरा पडती."

इतकी वर्षं हे निभावून गेलं. पण मधल्या काळात लातूर बदललं. नांदेडपासून, उदगीरपासून, पार इस्लापूरपासून मुलं डॉक्टर व्हायला आमच्याकडे यायला लागली. त्यांना राहायला खोल्या हव्यात. आमच्या गल्लीत आधी गच्च्या गेल्या, मग बाग, मग मोटारसायकली लावायच्या जागा. एकाने तर तुळशीवृंदावन जिन्यावर चढवून खाली खोली काढली. शेवटी गल्लीत एकच अंगण उरलं.

श्रीशैलने विषय काढला तेव्हा मी तिथेच चहा घेत होतो.

"अप्पा, जूनला नवी बॅच येती. पावसाच्या आत स्लॅब टाकला तर चार खोल्या निघत्यात."

"तुझी आई कुठं झोपंल?"

"आत झोपंल की! सगळं गाव आत झोपून राहिलंय."

अप्पांनी पुढ्यातल्या टेबलाचा पाय हलवून बघितला. मग अप्पा म्हणाले, "मला थोडा वेळ दे. तिच्यापुरती तजवीज करतो."

ती तजवीज म्हणजे पलंग. साधा नव्हे, छप्पर असलेला. खाली फळ्या, वर तेवढ्याच फळ्या, डोक्याशी आणि पायाशी जाड फळ्या; म्हणजे आडवी टाकलेली मोठी पेटी, दोन्ही बाजूंनी उघडी. वरून घर आलं तरी आतलं माणूस राहावं. आणि चारही कोपऱ्यांना तोच सांधा. पलंगाची लांबी ऐकून मी म्हटलं, काकू एवढ्याशा, एवढा लांब कशाला? "लाकूडच तेवढं आलं," म्हणाले.

रफिक मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी बेत ऐकला आणि हात जोडले. "अप्पा, हाताने एवढे दात काढत बसलो तर माझे पडतील. चार स्क्रू मारतो, वरून हत्ती नाचवा."

"हत्ती आपल्याकडं येत न्हाई रे," अप्पा म्हणाले. "जे येतं त्याचं बोल."

मग श्रीशैलच्या मोबाइलवरून अप्पांनी मागवलेलं कुरिअर एक दिवस आलं. आत घुंई करून लाकूड कुरतडणारं राउटर नावाचं यंत्र होतं, आणि त्याला वाट दाखवायला स्वस्तातली एक जिग. जिग म्हणजे अॅल्युमिनियमची मोठी फणी समजा. फळी तिच्यात आवळायची आणि यंत्र फणीच्या दातांमधून फिरवत न्यायचं. दात आणि खाचा एकदमच कापून निघतात, असं खोक्यावरच्या चित्रातला गॉगल घातलेला माणूस हसत हसत सांगत होता. सोबतचा कागद चिनीत होता.

अप्पांनी ओट्याच्या कडेला ती फणी ठोकली, नव्हे, बांधली. खिळा तिथेही चालला नाही. पहिला सांधा उचलताच गळून पडला. दुसरा हातोड्याने ठोकावा लागला, आणि फळी उभी चिरली. यंत्राचं पातं केसभर खोल गेलं की सांधा घट्ट, केसभर वर राहिलं की ढिला. त्यात फणी स्वस्तातली, तिचा स्क्रू आवळताना ती स्वतःच सरकायची. अप्पा भुशाने पांढरे होऊन रोज रद्दी लाकडावर प्रयोग करायचे आणि मला हाक मारायचे, "सर, ओढा!" मी एका बाजूने, ते दुसऱ्या बाजूने. सांधा निघाला की त्यांचा चेहरा असा पडायचा, की मी पुढेपुढे जोर लावायचंच सोडलं. ते त्यांच्या लक्षात आलं. "मनापासून ओढा. तिथं कुणी दया करनार न्हाई."

त्या प्रयोगांतून काटकोनात जोडलेल्या लाकडांचा ढीग साचला. गल्लीतल्या प्रत्येक खोलीत मुलांच्या पुस्तकांना आता अप्पांचा टेकू आहे. अधूनमधून ते तिथे जाऊन आपले टेकू हलवून येतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी दारात उभा राहून "हलत न्हाई ना?" विचारणारा म्हातारा बघून एक मुलगी रडायलाच लागली. तिची समजूत घालायला मला जावं लागलं.

अखेर हात बसला. फणी फूटभरच रुंद, म्हणून फूटभर रुंदीच्या तीन चौकटी करायच्या आणि शेजारी शेजारी ठेवायच्या, असं ठरलं. पहिली चौकट उभी राहिली आणि अप्पा मटकन खाली बसले. फळीची आतली बाजू कळावी म्हणून त्यांनी खडूने "आत" असं लिहिलं होतं, आणि सगळे "आत" बाहेर आले होते. तासलेली बाजू बाहेर, खरबरीत आत. त्या फणीत फळी लावताना आतली बाजू आपल्याकडे ठेवायची असते, आणि असल्या गोष्टी चिनी माणूस चिनीतच सांगतो. रफिक मिस्त्री म्हणाले, "राहू द्या अप्पा, मजबुतीला काय होतंय?" पण अप्पांनी पुन्हा नवं लाकूड आणलं. "आत झोपनाऱ्याला कुसळ टोचू नये."

इकडे श्रीशैलचा जीव टांगणीला लागला होता. आभाळ येऊन राहिलं होतं, स्लॅबच्या फळ्या-बल्ल्या लावणारा सेंट्रिंगवाला रोज फोन करत होता, माझ्या वर्गात नव्या मुलांची नावं लागली होती. मलाही धाकधूक होती, पण वेगळी. एवढं करून काकू आत झोपल्या नाहीत तर या माणसाचं काय होईल? हलवायला आता त्यांच्याकडे दुसरं काही उरणार नव्हतं.

पलंग तयार झाला त्या दिवशी अंगणात मेळाच भरला. श्रीशैल, रफिक मिस्त्री, मी, आणि सुटीतही अभ्यासाला थांबलेली पोरं. "हलवा!" अप्पा म्हणाले. आम्ही एकेक चौकट धरून घाम फुटेस्तोवर हलवली. मिस्त्री तर वर चढून नाचले. करकर नाही की कुरकुर नाही. मग चौकटी एकेक करून आतल्या खोलीत नेल्या, जोडून ठेवल्या, गादी टाकली. काकूंनी पलंगाभोवती एक फेरी मारली, आत शिरल्या, कुशीवर वळल्या आणि भर दुपारी चक्क घोरायला लागल्या.

श्रीशैलने तिथूनच सेंट्रिंगवाल्याला फोन लावला. मिस्त्रींनी अप्पांच्या पाठीवर थाप मारली. अप्पा हसले, पण मला त्यांचं हसू काही बरोबर वाटलं नाही. ते दारातच उभे होते, एक हात चौकटीला धरून. उंबऱ्याच्या आत आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला बाहेर आलो, तर अप्पा अंगणात, त्याच शेडखाली, मुटकुळं करून झोपलेले. काकू शेजारी बसून होत्या. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कंपाउंडच्या भिंतीपाशी आल्या.

"आत्ता कुठं डोळा लागलाय," त्या म्हणाल्या. "रात्री पलंगात पाय ठेवला अन् घामच फुटला ह्यांना. तीनदा आत गेले, तीनदा भाईर आले."

"अप्पांना? पण भीती तर तुम्हाला..."

"मला कशाची भीती सर? माझी आई गेली, ती गेली. मी रडून मोकळी झाले. पन दगड ह्यांनी उचलले, माझी आई ह्यांच्या हाताला लागली. तवापासून ह्यांना भिंतीच्या आत झोप न्हाई. भाईर कुनी विचारलं तर माझं नाव सांगायचे. मी म्हनलं, सांगू द्या. बाईमानूस भ्यालं तर कुनी हसत न्हाई. ह्यांना बाजारात बसायचं होतं."

"मग काल दुपारी..."

"झोप कशाची येती? मुद्दाम घोरले. म्हनलं, मला बघून तरी हिंमत करतील. ते पलंग माझ्या नावानं करून राहिले होते, पन स्वतःसाठीच की. लांबी बघितली न्हाई का तुम्ही?"

तेवढ्यात फाटक वाजलं. श्रीशैल सेंट्रिंगवाल्याला घेऊनच आला होता. बाहेर बल्ल्यांनी भरलेला टेम्पो उभा. आवाजाने अप्पा दचकून उठले आणि पांघरूण लपवायला लागले. काकू झटकन पुढे झाल्या.

"झोपलीस ना आई नीट?" श्रीशैलने हसत विचारलं.

काकूंनी पदर तोंडाला लावला. "न्हाई रे बाबा. दुपारी जमलं, पन रात्री लई भीती वाटली मला. आई दिसली. अर्ध्या रातीला उठून इथं आले, अन् माझ्यापायी ह्यांना बी यावं लागलं. मी हाय तवर अंगन राहू दे. मी गेल्यावर काय बांधायचं ते बांधा."

श्रीशैल तिच्याकडे बघत राहिला, मग बापाकडे. अप्पांची मान खाली होती. चार खोल्या त्याच्या तोंडातून परत पोटात गेल्या, ते मला दिसलं. पोरगा चांगला आहे. त्याने टेम्पो परत पाठवला आणि आईला म्हणाला, "रडू नको. राहू दे अंगन." काकू मात्र खरंच रडत होत्या; इतकी वर्षं पोरापुढेही त्या हेच खोटं चालवत आल्या होत्या.

मी दूध घेऊन घरी आलो. बायकोला सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. दिवसभर वर्गात माझं लक्ष लागलं नाही. माझी भीती स्वतःच्या नावावर घेऊन इतकी वर्षं बिनबोभाट कुणी वागवेल का, याची उगाचच हुरहूर लागून राहिली.

संध्याकाळी पावसाची भुरभुर सुरू झाली, तेव्हा काकू शेडखाली अंथरुणं घालत होत्या. दोन्हींच्या मध्ये हातभर जागा होती. त्यांनी एकदा आत, त्या रिकाम्या पलंगाकडे बघितलं आणि आपलं अंथरूण पायाने ढकलून अप्पांच्या अंथरुणाला लावलं.