चार कोंबड्या आणि नवी जीभ

श्रावणातला सोमवार, सकाळचे सात. ऐवज: मिठाच्या पाण्यात भिजवलेली मूठभर ज्वारी. हजर: मी, माझी बायको आणि आमच्या चार कोंबड्या. ज्वारी टाकणारे गृहस्थ आमचे शेजारी मल्लप्पाकाका. गळ्यात लिंग, घराण्यात कधी कुणी अंड्याला बोट लावलेलं नाही, आणि हा माणूस आमच्या खुराड्यापुढे उकिडवा बसून कोंबडीच्या चोचीत डोकावत होता.

कोंबडीने एक दाणा उचलला आणि टाकून दिला.

"बघ की सुभाष, कळतंय तिला." काका उठले, फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा बसले. "चार-पाच दिवसांत हिची जीभ नवी निघती. आपल्याला धा-बारा लागत्यात. डॉक्टरच म्हनला. चव कळणाऱ्या पेशी मरत्यात आन् खालनं नव्या येत्यात. उंदराचं बी मानसावानीच. मग कोंबडीला एवढी घाई कशापायी? ती तर चावत बी न्हाय."

बायकोने खारट दाणे झाडून घेतले, आमच्या डब्यातली चांगली ज्वारी टाकली आणि काकांना बजावलं, की ही एक मूठ तुमच्याकडून येणे.

काकांची सगळी ख्याती मिठाची. उभं आयुष्य शेंगाचटणीच्या दुकानात गेलं. गल्लीतल्या लग्नात आचारी पहिली पळी त्यांच्यापुढे धरायचे. काका थेंब जिभेवर ठेवून डोळे मिटायचे आणि कानडीत निकाल द्यायचे. 'साकु' म्हणजे पुरे, 'बेकु' म्हणजे अजून हवं. तिसरा निकाल तोंडाने देत नसत. मीठ जास्त झालं असेल तर न बोलता उठून चपला घालत. एकदा व्याह्यांच्या मांडवातून ते असे निघाले होते. ते नातं अजून पूर्ववत नाही.

पण गेल्या उन्हाळ्यापासून माणूस एका जागी बसेना. भेटेल त्याला जिभेविषयी विचारायचे. आमच्याकडे आले की उभ्यानेच तीन तांबे पाणी प्यायचे आणि निघायचे. रक्तदाबाची गोळी चालू, वय सत्तरीच्या पुढे. मी हिशेब मांडला आणि बायकोला सांगितलं: काकांची चव गेली आहे, आणि अभिमानापोटी ते कबूल करत नाहीत.

माझे हिशेब सहसा चुकत नाहीत.

त्याच आठवड्यात बायको माढ्याला माहेरी गेली. मल्लप्पाकाकांच्या बायकोने, महानंदाकाकूंनी, मला जेवायला बोलावलं. काकूंच्या गाठीची औषधं, ती सलाईनमधून देतात ती, उन्हाळ्यात संपली होती. डोक्यावर बोटभर केस पुन्हा आले होते. कडक भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नुसतं मीठ.

"मीठ बघ की रं सुभाष," काकू म्हणाल्या. "आजकालच्या मिठात दमच न्हाय बघ. दोनदा टाकावं लागतंय."

मी स्पष्ट बोलणारा माणूस. तोंड उघडलंही. तेवढ्यात काकांचा हात माझ्या गुडघ्यावर घट्ट बसला.

"साकु," काका म्हणाले, आणि आणखी भाजी मागून घेतली.

मला पोचवायला ते फाटकापर्यंत आले. वाटेत बागेच्या नळाला तोंड लावून प्यायले.

"तिची चव गेलीया," ते म्हणाले. "त्या औषधानं जुन्या पेशी गेल्या आन् नव्या बी येईनात. येतील म्हनतो डॉक्टर. कवा, ते सांगत न्हाय."

काकूंना सांगून का टाकत नाही, असं मी विचारलं.

"सांगितलं की चूल सोडंल ती. लई दिस भिंतीकडं तोंड करून पडली व्हती, सुभाष. आता कुटं भाकरी थापाया उठलीया."

रक्तदाबाचं काय, हेही विचारलं. "गोळी हाय की," म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतर मीही बसेनासा झालो. रोज सकाळी काकूंच्या फोडणीचा वास आला की कुंपणापाशी जाऊन उभा राहायचो. पलीकडे काका येरझाऱ्या घालत असायचे. आम्ही एकमेकांकडे बघायचो. ते मान हलवायचे: अजून नाही. बायको माढ्याहून परतल्यावर तिलाही सांगितलं, तर तीही येऊन उभी राहू लागली.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी भिंतीपलीकडून पळी आपटल्याचा आवाज आला. मग काकूंचा.

"अवो, ही आमटी हाय का इख? एवढे दिस हेच गिळत होतासा? तोंडात जीभ न्हवती व्हय तुमच्या?"

त्या थांबेनात. चटणीवाल्याच्या घरात अशी आमटी, गल्ली काय म्हणेल, रक्तदाबाचा माणूस आणि अक्कल कवडीची नाही, असं सगळं आम्हाला स्वच्छ ऐकू येत होतं.

थोड्या वेळाने ते आमच्या दारात आले. अनवाणी. हातात पिशवी. ओट्यावर टेकले, भिंतीला पाठ लावली, पाय पसरले. इतक्या महिन्यांत त्यांना असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. पलीकडे काकूंचं चालूच होतं, आणि काका लग्नातली सनई ऐकावी तसे मान डोलावत होते.

बायकोने पाण्याचा तांबा पुढे केला.

"साकु," काका म्हणाले आणि डोळे मिटले.

येणे होतं एक मूठ. शेवटी मिळाली ती किलोभर ज्वारी, निवडलेली, बिनमिठाची. आमच्या चारही कोंबड्यांना.