दोघांत एक रेनकोट

कोल्हापुरात पावसाळ्यात रेनकोट विकणं म्हणजे काय अवघड आहे? असं मी जूनमध्ये छाती पुढं काढून म्हणालो होतो. आता छाती जागेवर गेलीय.

माल साधासुधा नव्हता हो! एकच रेनकोट, पण त्यात नवरा-बायको दोघं! पुढं एक टोपी, मागं एक टोपी, मधे अखंड कापड. मोटारसायकलवर पुढचा भिजत नाही, मागची भिजत नाही. डोकं माझं, शिलाई अब्बांची. लक्ष्मीपुरीतल्या आमच्या शिलाईच्या दुकानात अब्बांनी नमुना उलटासुलटा करून बघितला.

"उमर, ह्यो रेनकोट हाय का तंबू?"

"अब्बा, ही क्रांती हाय!"

"बरं. क्रांतीला बटणं लावायची का चेन?"

चेन ठरली. शाळेच्या गणवेशांची कामं परत पाठवून अब्बा क्रांती शिवत बसले. आमचं वर्ष त्या गणवेशांवर चालतं, हे मला ठाऊक होतं. पण मी नेट कॅफेत एक लेख वाचला होता ना! आधी माणसं जमवा, माल नंतर दाखवा. माणसं एकदा आपली झाली की माल हातोहात खपतो!

साल २००७. सगळं गाव ऑर्कुटवर. मी तिथं कम्युनिटी काढली, 'आम्ही भिजणारे कोल्हापूरकर'. बेत सरळ होता. भिजणारी माणसं गोळा करायची आणि एके दिवशी त्यांच्या अंगावर रेनकोट टाकायचा. तोवर रेनकोटचं नाव काढायचं नाही. लेखात तसंच होतं, घाई करू नका.

माणसं आली, आणि काय आली! उघड्या गुळावर माशा याव्यात तशी! मी विचारलं, "मित्रांनो, पावसात तुमचे काय हाल होतात?"

हाल कुणी सांगेचना. शाहूवाडीच्या सूरजनं लिहिलं, "परवा घरापासनं कॉलेजपर्यंत भिजत गेलतो. लई भारी!" वारणानगरच्या निशानं लिहिलं, "माझी छत्री मोडली. बरं झालं, सुटले!" आणि बँकेत कॅशियर असलेल्या प्रसेनजीतनं तर कहर केला. "रेनकोट घातलेला माणूस म्हणजे कव्हर घातलेला टीव्ही. असून काय उपेग?"

मी भीत भीत लिहिलं, "पण सर्दीचं काय?"

"मालक, आमची परीक्षा बघताय व्हय!" सगळे खूश.

रोज नवे अर्ज मंजूर करा, रंकाळ्यावरचा पाऊस भारी का पन्हाळ्यावरचा, ही भांडणं सोडवा. माझा पार पिट्ट्या पडला. शेवटी प्रसेनजीत म्हणाला, "द्या मालकी माझ्याकडं, मी सांभाळतो." दिली एकदाची! त्यानं पहिलाच नियम केला, 'रेनकोटवाल्यांना कम्युनिटीत थारा नाही.'

माझी बायको आफशीन म्हणाली, "अवो, सांगून टाका की त्यास्नी खरं."

"योग्य वेळ यायला पायजे."

"कवा? दिवाळीत?"

वेळ आली. सगळ्यांनी मिळून गगनबावड्याला भिजायला जायचं ठरलं. तिथला पाऊस म्हणजे डोक्यावर कुणी घागर उपडी केलीय आणि उचलायला विसरलंय! मी म्हटलं, तिथं कुडकुडले की माझे पाय धरतील. आफशीनला कोटात घेतलं, चेन लावली आणि निघालो.

घाटमाथ्यावर वारा कोटात शिरला आणि आमचा फुगा झाला. आफशीन मागून ओरडत होती. मला वाटलं, कौतुक करतेय.

"माझी टोपी नाकावर आलीया! श्वास घ्यायला येईना!"

चहाच्या टपरीसमोर करकचून ब्रेक मारला. चेन ओढली, तर ती अडकलेली. आता उतरायचं तर दोघांनी एकाच बाजूला उतरायला हवं. मी डावीकडं उतरलो, ती उजवीकडं. मधे गाडी, दोन्हीकडं आम्ही, काठीवर वाळत घातलेल्या चादरीसारखे!

टपरीपुढं सगळी कम्युनिटी भिजत उभी. आधी सगळ्यांनी वाकून वाकून बघितलं. मग शिट्ट्या.

टपरीवाल्या झुंबरबाई सुरी घेऊन धावल्या. "पावणं, हलू नगासा! कांदा कापायची सुरी हाय, माणसाची सवय न्हाय तिला!" त्यांनी चेन टराटरा फाडली, तेव्हा आम्ही सुटे झालो.

मी घसा साफ केला. "मित्रांनो, हा जो रेनकोट तुम्ही पाहताय..."

"उमरभाई," प्रसेनजीतचा आवाज कातर झाला होता, "तुमी? तुमीच ही कम्युनिटी काढलासा, आन तुमीच रेनकोट घालून आलासा?"

निशाच्या डोळ्यांत पाणी होतं. पाऊसही असेल म्हणा. विकत कुणी घेतला नाहीच. संध्याकाळी बघतो तर मला कम्युनिटीतून काढून टाकलेलं. कारण दिलं होतं, 'कोरडेपणा'.

अब्बा शिवलेल्या रेनकोटांच्या ढिगाला टेकून चहा पीत बसले. त्यापेक्षा त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग एका सकाळी झुंबरबाईंचे दीर आकाराम दुकानात आले. आमचा फाडलेला कोट झुंबरबाईंनी ठेवून घेतला होता.

"वैनीच्या म्हशीला घातलाय तसला कोट द्या की. माझी बी व्यालीया, गोठा गळतोय."

अब्बांनी चहाचा कप खाली ठेवला. "बसतोय म्हशीला?"

"झकास! पुढल्या टोपीतनं मान, मागल्या टोपीतनं शेपूट!"

त्या आठवड्यात अख्खा ढीग संपला. एकाही गिऱ्हाइकानं आयुष्यात कॉम्प्युटर बघितलेला नव्हता. आता अब्बा मापानुसार शिवून देतात आणि मापं घ्यायला मला पाठवतात. सध्या मी गगनबावड्याच्या एका गोठ्यात टेप घेऊन उभा आहे. म्हैस काही एका जागी थांबत नाही, आणि माप घेणाऱ्यासाठी म्हणून रेनकोट शिल्लक नाही!